घरी पहिल्यांदा गिटारचा नेक बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेक म्हणजे गिटारचा तारांखालचा लांब दांडा. खालची सगळी मापं इलेक्ट्रिक गिटारच्या, बोल्टने बसणाऱ्या, ६ तारांच्या नेकची आहेत. दुसऱ्या प्रकारांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे सुतारकामाचा फारसा अनुभव नाही. नेक घरी जमेल का, की विकत घेऊन बॉडी तेवढी बनवू?

जमेल, पण पैसे वाचतील या आशेने करू नका. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सावरणारी सळई), फ्रेटची (तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) तार, ट्यूनर (तारा सुरात लावायच्या खुंट्या) आणि दोन-चार खास हत्यारं धरली तर पहिला नेक तयार नेकपेक्षा महागच पडतो.

कामातला कुठला भाग नाजूक आहे हे आधी कळलं तर भीती निम्मी होते. मागचा गोलवा एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी वाजवताना हाताला सवय होते. हेडस्टॉकचा, म्हणजे ट्यूनर बसतात त्या टोकाचा, आकार तर पूर्ण तुमच्या मर्जीचा. चूक चालत नाही ती तीन ठिकाणी: वरच्या पृष्ठभागाचा सरळपणा, फ्रेटच्या जागा आणि मधली रेषा. म्हणून पहिल्या नेकसाठी खाचा कापून मिळणारा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसतात ती वरची फळी) विकत घ्या आणि बाकी सगळं स्वतः करा, असं आमचं मत आहे. यात कमीपणा काही नाही. खाचा स्वतःच कापायच्या असतील तर प्रश्न ८ आणि ९ पाहा.

२. सरळ हेडस्टॉक करू की मागे झुकलेला?

पहिल्यांदा सरळ, फेंडर कंपनीच्या पद्धतीचा. तो एकाच फळीतून निघतो. गिब्सन पद्धतीचा हेडस्टॉक १४ ते १७ अंश मागे झुकलेला असतो. तो अखंड फळीतून काढला तर लाकूड बरंच वाया जातं आणि नटच्या (तारा टेकतात त्या हेडस्टॉकजवळच्या पट्टीच्या) मागे लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात. गिटार पडली की हेडस्टॉक नेमका तिथेच मोडतो. त्यावरचा उपाय म्हणजे फळी तिरकी कापून, तुकडा उलटा करून पुन्हा चिकटवणं. हा स्कार्फ जोड मजबूत असतो, पण चिकटवताना सरकतो. तो दुसऱ्या नेकसाठी ठेवा.

सरळ हेडस्टॉकला तारांचा नटवरचा दाब कमी पडतो, म्हणून बारीक तारांसाठी एक-दोन स्ट्रिंग ट्री (तारा खाली दाबून धरणारे आकडे) लागतात. तेवढाच तोटा.

३. सगळी मापं एका जागी मिळतील का?

फेंडर पद्धतीच्या नेकची ही मापं आहेत. बहुतेक तयार बॉड्यांचा खड्डा याच मापाचा असतो, तरी आपल्या बॉडीचा खड्डा मोजल्याशिवाय लाकूड कापू नका.

- स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत (बॉडीवरच्या टेकूपर्यंत) तारेची लांबी: ६४७.७ मिमी (२५.५ इंच)
- नटच्या पुढच्या कडेपासून टाचेच्या (बॉडीत बसणाऱ्या भागाच्या) टोकापर्यंत: ४६०.४ मिमी
- नटजवळ रुंदी: ४२ मिमी, टाचेच्या टोकाला: ५६ मिमी
- टाचेची एकूण जाडी, फ्रेटबोर्डसकट: २५.४ मिमी, बॉडीतला खड्डा: १६ मिमी खोल
- फ्रेटबोर्ड: ६.३५ मिमी जाड, म्हणजे खालचं लाकूड १९ मिमी
- पहिल्या फ्रेटजवळ एकूण जाडी: २०.५ ते २१ मिमी. बाराव्याजवळ: २२ ते २३ मिमी
- हेडस्टॉक: १४ मिमी जाड, साधारण १९० मिमी लांब

२२ फ्रेट हवे असतील तर शेवटचा फ्रेट टाचेच्या पुढे जातो. तेव्हा टाचेची लांबी तीच ठेवून फक्त फ्रेटबोर्ड पुढे काढतात. टाचच लांब केली तर ब्रिजची जागा चुकते.

४. मेपल मिळत नाही. सागवान चालेल का? आणि शिसवी?

सागवान उत्तम चालतं. ताठपणात ते मेपलच्या जवळपास आहे आणि हवामान बदललं की फार हलत नाही. त्रास दोन. त्यातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी काही मिनिटं दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घ्यावे लागतात. आणि त्यातल्या सिलिकामुळे पटाशी, रंधा लवकर बोथट होतात, त्यामुळे धार लावायचा दगड शेजारीच ठेवा.

शिसवी फ्रेटबोर्डसाठी पहिल्या पसंतीचं लाकूड. जगभरच्या पुष्कळ गिटारींवर ते आपल्याकडूनच गेलेलं आहे. पूर्ण नेकही होतो, पण जड होतो आणि गिटार हेडस्टॉककडे झुकते. उत्तरेकडचं शीशम हे त्याचं भावंड, तेही फ्रेटबोर्डला चालतं. महोगनी नेकला चांगली, तासायला सोपी, मात्र मेपलपेक्षा मऊ.

मिरजेच्या सतारींचं तून लाकूड गिटारच्या नेकला का वापरू नये, असंही विचारतात. सतारीची दांडी रुंद, जाड आणि आतून पोकळ असते. २१ मिमी जाडीच्या नेकमध्ये ट्रस रॉडसाठी खाच काढल्यावर तून फारच मऊ पडतं. नवं रबरवुड, पाइन आणि प्लायवुडही नको.

५. वखारीत फळी निवडताना काय बघायचं?

आधी हिशोब: ७५० × ७५ × २५ मिमीचा तुकडा म्हणजे घनफुटाचा विसावा भागही नाही. पुण्याच्या भवानी पेठेत किंवा मुंबईत रे रोडला एवढ्यासाठी कोणी नवा ओंडका कापणार नाही. कापून उरलेले तुकडे मागा. जुन्या घरांच्या चौकटींचं सागवान मिळालं तर त्याहून बरं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त खिळे शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जातं.

फळीच्या टोकाकडून बघा. वार्षिक वलयांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात, म्हणजे उभ्या दिसल्या तर ती सर्वात चांगली. त्या आडव्या असतील तर फळी ओलाव्याने पन्हळीसारखी वळते. मग बाजूने बघा: रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात, मध्येच बाहेर पडायला नकोत. गाठ नको. पांढरट साल-लाकडाचा पट्टाही नको.

उभ्या रेषांची फळी मिळालीच नाही तर आडव्या रेषांच्या फळीच्या २५ मिमी रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी ९० अंशांत फिरवा आणि एकमेकींना चिकटवा. मधली पट्टी उलटसुलट केली तर एकीचा बाक दुसरी धरून ठेवते. असा तीन पट्ट्यांचा नेक अखंड नेकपेक्षा जास्त स्थिर असतो.

ओलावा ८ ते १२ टक्के असावा. मीटर नसेल तर तुकडा घरात आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. दोन-तीन आठवडे वजन बदललं नाही की लाकूड तुमच्या घरच्या हवेला आलं असं समजा.

६. हत्यारं कमीत कमी कोणती लागतात? राउटर नाही.

रंधा, १२ आणि २० मिमीच्या पटाश्या, गुण्या, रास्प म्हणजे लाकडाची खरखरीत कानस, अर्धगोल कानस, ड्रिल, ६०० मिमीची पोलादी पट्टी, सहा-आठ क्लॅम्प. ट्रस रॉडच्या खाचेसाठी राउटर सोयीचा. नसेल तर ६ मिमीच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडून पटाशीने साफ करता येतं, वेळ जातो एवढंच. आकार कापायला पॅनेल सॉ किंवा सुताराकडचा बँड सॉ.

ज्या वस्तूकडे लोक दुर्लक्ष करतात ती म्हणजे सपाट संदर्भ. खिडक्यांच्या सेक्शनच्या दुकानातून ५० × २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा आयताकृती पाइप ४०० आणि ६०० मिमी लांब कापून घ्या. काचवाल्याकडून १२ मिमी जाड काचेची पट्टी आणा. पाइप काचेवर ठेवून मागून टॉर्च मारा. फटीतून उजेड येत नसेल तर पाइप सरळ आहे. यावर पॉलिश पेपर चिकटवला की तुमचा सर्वात अचूक रंधा तयार. किचनचा ग्रॅनाइटचा ओटा मात्र सपाट समजू नका.

७. कामाचा क्रम काय ठेवायचा?

बहुतेक पहिले नेक कौशल्य कमी पडलं म्हणून बिघडत नाहीत, क्रम चुकल्यामुळे बिघडतात. नियम एकच: फळीच्या सरळ आणि समांतर कडा शक्य तितका वेळ टिकवायच्या, कारण सगळी मापं त्यांच्यावरून घेतली जातात. एकदा निमुळता आकार कापला की गुण्या लावायला जागा उरत नाही.

१. फळी चारही बाजूंनी सरळ, काटकोनात, १९ मिमी जाड करा. मधली रेषा दोन्ही बाजूंना आणि टोकांवर कोरून घ्या, पेन्सिलने नाही.
२. फळी चौकोनी असतानाच ट्रस रॉडची खाच.
३. फ्रेटबोर्ड चौकोनी असतानाच फ्रेटच्या खाचा.
४. मग दोन्हींचा निमुळता आकार, प्रत्येक बाजूला १ मिमी जादा ठेवून.
५. हेडस्टॉकची वरची बाजू ५ मिमी खाली उतरवा आणि ट्यूनरची भोकं पाडा. मागची बाजू सपाट आहे तोवर भोकं सरळ जातात.
६. रॉड बसवून फ्रेटबोर्ड चिकटवा (प्रश्न १२).
७. कडा अंतिम रेषेपर्यंत, मग वरचा रेडियस (फ्रेटबोर्डचा आडवा गोलवा), मग ठिपके (फ्रेट ओळखायच्या खुणा).
८. मागचा गोलवा.
९. फ्रेट, नट, पॉलिश.

गोलवा आधी की फ्रेट आधी, यावर मतं वेगळी आहेत. गोलवा आधी दिला तर लाकूड कापल्यावर नेक जो काही हलायचा तो हलून घेतो आणि फ्रेट बसवण्याआधी वरची बाजू पुन्हा सरळ करता येते. आम्ही त्याच बाजूचे.

८. फ्रेटच्या जागा कशा काढायच्या?

प्रत्येक फ्रेट सप्तकाचा बारावा भाग देतो, म्हणून पाया २ चं बारावं मूळ, १.०५९४६३. व्यवहारात सोपा आकडा १७.८१७: उरलेल्या लांबीला त्याने भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. ६४७.७ ÷ १७.८१७ = ३६.३५, हा पहिला फ्रेट.

पण आखताना कधीही एका फ्रेटपासून दुसरा मोजू नका. दर वेळी ०.२ मिमी चुकलं तर २२ फ्रेटमध्ये ती चूक साचत जाते. सगळी अंतरं नटच्या कडेपासून, पट्टी न हलवता, एकाच दमात. ताळ्यासाठी ६४७.७ स्केलची काही अंतरं: तिसरा १०३.०५, पाचवा १६२.४७, सातवा २१५.४१, नववा २६२.५८, बारावा ३२३.८५, पंधरावा ३७५.३८, सतरावा ४०५.०९, एकोणिसावा ४३१.५६, एकविसावा ४५५.१४, बाविसावा ४६५.९५ मिमी. बारावा बरोबर निम्म्यावर आला नाही तर पुन्हा आखा.

अर्धा मिलिमीटर चुकला तर काय होतं? बाराव्या फ्रेटवर सूर साधारण २.७ सेंटने (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) हलतो, एकविसाव्यावर ४.५ सेंटने. म्हणजे वरच्या फ्रेटना जास्त जपायचं.

छापील नमुना वापरत असाल तर प्रिंटर १०० टक्के मापावर आहे का ते पट्टीने तपासा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिल्याने संपूर्ण फ्रेटबोर्ड वाया गेल्याची तक्रार नियमित येते.

९. खाचा हॅकसॉने कापल्या तर?

नका. फ्रेटच्या तारेचा उभा भाग साधारण ०.५ मिमी जाड असतो, त्यावरच्या दातऱ्यांमुळे तो ०.५८ मिमीच्या खाचेत घट्ट धरतो. हॅकसॉची खाच ०.८ मिमीच्या वर जाते आणि फ्रेट बोटाने निघून येतो. फ्रेटसाठीची करवत घ्या, किंवा पातळ पात्याची जपानी करवत, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर खाच कापून तार ठोकून बघा.

खोलीत आणखी एक गोम आहे. ३०५ मिमीचा रेडियस दिल्यावर ५६ मिमी रुंदीच्या कडेला १.३ मिमी लाकूड उतरतं. सपाट बोर्डवर २ मिमी खोल कापलेली खाच कडेला जेमतेम ०.७ उरते आणि फ्रेटची टोकं वरच राहतात. म्हणून आधीच ३.५ मिमी खोल कापा, किंवा रेडियसनंतर पुन्हा खोल करा.

खाच चुकीच्या जागी गेली तर त्याच लाकडाची पातळ चकती गोंद लावून खाचेत घाला, वाळल्यावर सपाट करा, पुन्हा कापा. शिसवीत ती दिसतही नाही.

१०. ट्रस रॉड लागतोच का? कोणता घेऊ?

लागतो. १०–४६ च्या तारांचा (आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) संच नेहमीच्या सुरात लावला की एकूण ताण साधारण ४७ किलो होतो, ९–४२ ला ३८ किलो. एवढा ताण रात्रंदिवस नेकला पुढे ओढत असतो. गिब्सनच्या थॅडिअस मॅकह्यू यांच्या रॉडला १९२३ साली पेटंट मिळालं. फेंडरने १९५० मध्ये एस्क्वायर या गिटारचे पहिले नेक रॉडशिवाय काढले, ते वाकू लागले, आणि कंपनीला लवकरच रॉड घालावा लागला.

पहिल्या नेकसाठी दुहेरी रॉड, म्हणजे दोन्ही दिशांना काम करणारा. त्याची खाच सरळ आणि एकाच खोलीची असते. जुन्या पद्धतीच्या एकेरी रॉडला वळणदार खाच लागते. तिच्या वाटेला जाऊ नका. लांबी ४४० ते ४६० मिमी. रॉड टाचेच्या बाहेर येत नाही ना, हे नेकच्या चित्रावर ठेवून बघा.

११. रॉडची खाच किती खोल, किती रुंद?

हातात आलेला रॉड कॅलिपरने मोजल्याशिवाय खाच कापू नका. बाजारात ६ × ९ मिमीचे जास्त दिसतात, पण ११ मिमी उंचीचेही आहेत. खाच रॉडइतकीच खोल हवी. रॉड वर आला तर फ्रेटबोर्ड चिकटत नाही, खाली खेळला तर तार छेडल्यावर खुळखुळतो.

आता वजाबाकी करा. पहिल्या फ्रेटजवळ एकूण २०.५ मिमी, त्यातून फ्रेटबोर्डचे ६.३५ गेले, उरले १४.१. खाच ९ गेली, मागे ५ मिमी लाकूड राहिलं. ११ मिमीच्या रॉडला तेच ३. नेकला बारीक मागचा आकार देऊन ‘रॉड मागून दिसायला लागला’ म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी केलेली नसते.

१२. फेविकॉल चालेल? चिकटवताना फ्रेटबोर्ड सरकतो, त्याचं काय?

पांढरा गोंद चिकटतो, पण उन्हात तापलेल्या गाडीत तो थोडा मऊ पडतो आणि सततच्या ताणाखाली जोड हळूहळू सरकू शकतो. पिवळा, वाळल्यावर कडक होणारा गोंद, उदाहरणार्थ टाइटबाँड ओरिजिनल, जास्त बरा. तेलकट सागवान-शिसवी जोडायला मंद वाळणारा इपॉक्सीही चालतो, त्यात पाणी नसल्यामुळे प्रश्न १३ मधला त्रासही टळतो. पुढे कधी फ्रेटबोर्ड काढावा लागला तर मात्र तो जास्त झगडतो.

सरकू नये म्हणून पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटच्या खाचेत १ मिमीची भोकं पाडून दोन बारीक खिळे अर्धे ठोका. भोकं फ्रेटखाली झाकली जातात. रॉडवर मास्किंग टेपची पट्टी लावा, खाचेत दोन-तीन ठिकाणी सिलिकॉनचा थेंब टाका, गोंद पातळ पसरा, टेप काढा, बोर्ड ठेवा. वर सरळ लाकडी पट्टी, मधून दोन्ही कडांकडे क्लॅम्प घट्ट करत जा. नटच्या बाजूने रॉडची चावी आत जाते ना, तेही बघा. तिथे गोंद वाळला तर काढता येत नाही. २४ तास क्लॅम्प.

१३. क्लॅम्प काढल्यावर नेक मागे वाकला. काय चुकलं?

बहुधा काही नाही. गोंदातलं पाणी लाकडात शिरलं, चिकटलेली बाजू फुगली आणि नेक वळला. तीन-चार दिवस दोन्ही बाजूंना हवा लागेल असा उभा ठेवा. बराचसा परत येतो. उरलेलं, ०.५ मिमीच्या आतलं असेल तर, रेडियस देताना ॲल्युमिनियमच्या पाइपने सपाट करा. घाईने लगेच सपाट केलात तर वाळल्यावर तो उलट दिशेला जाईल. या टप्प्यावर रॉडने सरळ करायचा मोह टाळा. रॉड ढिला, कुठल्याच बाजूला ताण नसलेला ठेवूनच फ्रेट एका पातळीत घासेपर्यंतची (प्रश्न १७) सगळी कामं करायची.

१४. रेडियस किती द्यायचा आणि हाताने कसा?

जुन्या फेंडरचा १८४ मिमी, नव्यांचा २४१, गिब्सनचा ३०५. पहिल्यांदा ३०५ घ्या. फ्रेट बसायला सोपा आणि तार ओढली की आवाज मध्येच मरत नाही. त्या मापाचा लाकडी सँडिंग ब्लॉक मिळतो. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात करून १२०, १८०, ३२०. ब्लॉक टोकापासून टोकापर्यंत न्यायचा. मध्येच थोडं थोडं घासलं की टोकं उतरतात. बोर्डवर आडव्या-तिडव्या पेन्सिलच्या रेघा मारा, सगळ्या सारख्या पुसल्या गेल्या की झालं. शेवटी पाइप लांबीत ठेवून पाच ठिकाणी उजेड तपासा. शिसवीचा भुसा त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, मास्क हवाच.

१५. मागचा गोलवा दोन्ही बाजूंना सारखा येत नाही.

डोळ्याने गोल करायला घेतलं की असंच होतं. आधी जाडी निश्चित करा, मागची बाजू सपाटच ठेवून. मग पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ एकेक २० मिमी रुंद पट्टा पूर्ण अंतिम आकाराला आणा. आवडत्या गिटारच्या मागच्या आकाराचा जाड पुठ्ठ्याचा साचा करून तपासा. नंतर दोन्ही पट्टे रास्पने जोडा. कडा एकदम गोल न करता आधी ४५ अंशांची एक सपाट पट्टी, मग तिच्या दोन्ही बाजूंना आणखी अरुंद पट्ट्या, अशाने दोन्हीकडे किती लाकूड गेलं हे मोजता येतं. टाच आणि हेडस्टॉककडची वळणं शेवटी, अर्धगोल कानशीने.

१६. फ्रेट ठोकले, पण टोकं वर उठतात.

कारणं या क्रमाने तपासा: खाचेत भुसा राहिला, कडेला खाच उथळ (प्रश्न ९), फ्रेटची तार पुरेशी वाकवलेली नाही. ३०५ च्या बोर्डसाठी तार २५० मिमी रेडियसच्या आसपास वाकलेली हवी, म्हणजे टोकं आधी टेकतात आणि मध्य दाबला की ती बाहेर सरकून घट्ट होतात. आधी दोन्ही टोकं, मग मध्य. हातोडी पितळी किंवा प्लास्टिकच्या तोंडाची, नेकखाली वाळूची पिशवी. खाचेच्या वरच्या कडा त्रिकोणी कानशीने जरा मोडल्या तर तार सरळ उतरते आणि पुढे फ्रेट काढताना लाकूड उचकटत नाही.

तरीही उठलेलं टोक लाकडी ठोकळ्याने दाबून धरा आणि पातळ सुपरग्लूचा एक थेंब बाजूने सोडा. आधी आजूबाजूला मेण चोळा, म्हणजे डाग पडत नाही. मध्यम-मोठ्या मापाची, २.७ मिमी रुंद तार २२ फ्रेटना दीड मीटर पुरते. पहिल्यांदा पावणेदोन मीटर घ्या.

उलट, सगळेच फ्रेट फार घट्ट गेले आणि नेक मागे वाकला, तर २२ पाचरींनी वरची बाजू ताणली गेली आहे. खाचा अरुंद आहेत. काढून रुंद कराव्या लागतील.

१७. लेव्हलिंग करायलाच हवं का?

हो. ठोकलेले फ्रेट एका पातळीत कधीच नसतात. रॉडने नेक तारांशिवाय पूर्ण सरळ करा, फ्रेटच्या माथ्यांवर मार्कर फिरवा, पाइपवर ३२० नंबरचा पेपर लावून लांबीत घासा. प्रत्येक फ्रेटवरची शाई कुठेतरी पुसली की थांबा; जास्त घासणं म्हणजे फ्रेटचं आयुष्य कमी करणं. मग क्राउनिंग कानशीने माथे गोल करा, मध्ये शाईची केसभर रेघ शिल्लक ठेवून. ६००, १०००, २००० ने चकाकी. टोकं ३५ अंशांत घासून कोपरे मोडा. स्टील वूल वापरणार असाल तर नेक बॉडीला लावण्याआधी. त्याचे कण पिकअपच्या चुंबकाला चिकटून बसतात.

१८. नटच्या खाचा किती खोल?

तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. साध्या कागदाइतकी, ०.१ मिमी, हवी. शून्य झाली तर मोकळी तार वाजताना खरखरते, जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. ४२ मिमीच्या नटवर दोन्ही बाहेरच्या तारांमध्ये ३५ मिमी ठेवा. खाच हेडस्टॉककडे किंचित उतरती. तारेचा शेवटचा टेकू फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवरच पडायला हवा. हाडाचा नट प्लास्टिकपेक्षा बरा.

१९. पॉलिश कोणतं?

सागवान-महोगनीला तेल पुरतं. जवसाचं तेल असेल तर भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात, पसरून वाळवा. लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण घामाने चिकचिकतं आणि पावसाळ्यात लावलं तर पांढुरकं होतं. मेपलच्या फ्रेटबोर्डला लॅकर लागतंच, नाहीतर बोटांनी काळा पडतो. शिसवीच्या बोर्डला काही नको, वर्षातून दोनदा तेलाचा हात पुरे. मागची बाजू चकचकीत न करता अर्धवट चमकेची ठेवली तर हात चांगला सरकतो.

२०. कोकणात राहतो. पावसाळ्यात काम केलं तर?

तासा, आखा, हत्यारांना धार लावा, पण फ्रेटबोर्ड चिकटवू नका आणि फ्रेट बसवू नका. जुलैत ८५-९० टक्के आर्द्रतेला फुगलेल्या बोर्डवर फ्रेटची टोकं कडेबरोबर घासलीत, तर मार्चमध्ये लाकूड आकसतं आणि टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. विदर्भात उलटा प्रश्न: एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बनवलेला नेक पावसाळ्यात मागे वाकू शकतो. दुहेरी रॉड इथेच उपयोगी पडतो.

२१. बॉडीला जोडताना भोकं कशी मारायची?

ब्रिज बसवा, दोन्ही बाहेरच्या तारांच्या जागी दोरे नटपासून ब्रिजपर्यंत ताणा, फ्रेटबोर्डच्या कडेपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर सारखं होईपर्यंत नेक हलवा, मग क्लॅम्प. बॉडीतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं, ५ मिमी, म्हणजे स्क्रू बॉडीत न अडकता नेकला ओढून घेतो. नेकमध्ये ३ ते ३.२ मिमीचं भोक, ड्रिलला खोलीसाठी टेप लावून. ४५ मिमीचा स्क्रू प्लेट आणि बॉडी ओलांडून नेकमध्ये १४-१५ मिमी जातो. टेप न लावता फ्रेटबोर्डमधून बाहेर आलेलं भोक झाकायला एखादा ठिपका नेमका तिथेच असेल याची खात्री नसते. स्क्रूला साबण किंवा मेण लावा.

२२. तारा लावल्या, आता कुठेकुठे खरखर होते.

आधी बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्यावर बोट, सातव्या-आठव्याजवळ फट ०.२ ते ०.२५ मिमी. बाराव्यावर तारांची उंची जाड तारेला १.६, बारीकला १.३ मिमी. मग:

फक्त मोकळी तार खरखरते: नट (प्रश्न १८). पहिल्या पाचात: बाक कमी, रॉड थोडा ढिला. एकाच ठिकाणी: पुढचा फ्रेट उंच, तीन फ्रेटवर छोटी पोलादी पट्टी ठेवून डुगडुगते का बघा. चौदाव्याच्या वर सगळीकडे: टाचेजवळ बोर्ड उचललेला आहे. तो रॉडने जात नाही, कारण रॉड तिथवर वाकवत नाही. तिथले फ्रेट थोडे जास्त घासावे लागतात.

२३. रॉड फिरवतोय, पण नेक हलत नाही.

दुहेरी रॉडला मध्ये एक मोकळा टप्पा असतो, अर्धा-पाऊण फेरा काहीच होत नाही. त्यानंतर घड्याळाच्या दिशेने नेक मागे, उलट दिशेने पुढे. एका वेळी पाव फेरा, मग तारा पुन्हा सुरात. जोर लावावा लागत असेल तर थांबा, तारा सोडा, नेक हाताने हवा त्या दिशेला वाकवून धरा आणि मग फिरवा. मोकळा टप्पा संपतच नसेल तर रॉडचं वेल्डिंग सुटलंय. फ्रेटबोर्ड काढण्यावाचून इलाज नाही. म्हणून चिकटवण्याआधी रॉड हातात धरून दोन्ही दिशांना वाकतो का, हे बघून घ्या.

२४. हीच मापं ॲकूस्टिक, क्लासिकल किंवा बेसला चालतील?

आखणीची पद्धत तीच, आकडे वेगळे. क्लासिकलचं स्केल बहुधा ६५० मिमी, नट ५२, फ्रेटबोर्ड सपाट, आणि नायलॉन तारांचा ताण कमी असल्याने पुष्कळांत रॉडच नसतो. ॲकूस्टिकमध्ये टाचेचा कोन साउंडबोर्डच्या उंचीवर ठरतो. तो बॉडीबरोबरच शिकायचा. बेसला ताण जास्त, नेक लांब. पट्ट्या जोडून केलेला नेक घ्या.

२५. शिसवीचा फ्रेटबोर्ड परदेशातल्या मित्राला पाठवू शकतो का?

शिसवीचं सगळं कूळ २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. तयार वाद्यं आणि वाद्यांचे तयार भाग नोव्हेंबर २०१९ पासून वगळले गेले. त्यामुळे पूर्ण झालेला नेक आणि कोरी फळी यांना एकच नियम नाही: कोरी फळी हे लाकूडच धरलं जातं आणि तिला परवाना लागतो. ब्राझिलियन रोझवुड परिशिष्ट १ मध्ये आहे. जुन्या गिटारवरून काढलेला तसा बोर्ड नव्या नेकला लावला असेल तर ही सवलत त्याला लागू नाही.